चार पावलं सरकलेली शीव

१

दगड चार पावलं सरकला होता. मोजणीदार ब्रेह्मने तीनदा फीत लावली, नकाशा उलटासुलटा करून पाहिला, चष्मा पुसला. दगड काही नकाशातल्या जागी येईना.

एकोणीसशे बाहत्तर सालचा जून महिना होता. जर्मनीतल्या एबर्सग्रुंड जिल्ह्याचे शेवटचे तीन आठवडे उरले होते. एक जुलैला जिल्हा बरखास्त व्हायचा होता आणि त्याची एक्केचाळीस गावं दोन शेजारी जिल्ह्यांत वाटली जायची होती. म्हणून दप्तर बंद करण्याआधी सगळ्या शिवा तपासून घ्या, असा वरून हुकूम आला होता. आता ज्या हद्दी पुसूनच टाकायच्या त्या आधी नीट कशाला मोजायच्या, असं हाजलबाखच्या लोकांनी ब्रेह्मला विचारलंही होतं. ब्रेह्म म्हणाला होता, "मला विचारू नका बाबांनो, मी नोकर माणूस."

हा दगड साधा नव्हता. अलीकडे हाजलबाख, पलीकडे ओबरलाइटन. हाजलबाख एबर्सग्रुंडचं, ओबरलाइटन लाउटरफेल्ड जिल्ह्याचं. म्हणजे गावाची शीव तीच आणि जिल्ह्याचीही हद्द तीच. आणि सरकलेल्या चार पावलांच्या पट्ट्यात काय होतं, तर हेडविग वाट्झलिकचं अख्खं घर, विहीर आणि आलुबुखाराची सहा झाडं.

"मी कधीपासून सांगतोय!" ओबरलाइटनचा कास्पर लोख्नर ओरडला. नकाशाप्रमाणे पट्टा त्याचा होता. "माझ्या बापाची जमीन आहे ही. बाहेरून आली, झोपडीत घुसली, आणि वर दगड ढकलला. बांध कोरलाय बाईने!"

त्या मुलखात चोरी एक वेळ खपते, दारू पिऊन केलेली मारामारीही खपते. शिवेचा दगड हलवणाऱ्याला मात्र लोक मेल्यावरही सोडत नाहीत. तो पेटता होऊन शेतात हिंडतो म्हणतात. ब्रेह्मने वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "गुरुवारी दहा वाजता इथेच. बाईंना नोटीस पाठवतो. समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर नकाशा खरा धरायचा."

२

नोटीस घेऊन जायचं काम बुर्गीच्या वाट्याला आलं. वाल्बुर्गा झाप्फ, वय पन्नास, हाजलबाखची टपालवाली. आधी तिचे वडील टपाल वाटायचे, ते गेल्यावर पिशवी तिच्या खांद्यावर आली. एबर्सग्रुंडची अर्धी गावं तिने पायांनी मोजली होती.

ती नोटीस तिच्या पिशवीत सकाळपासून टोचत होती. एकसष्ट साली बुर्गीला न्यूमोनिया झाला तेव्हा हीच हेडविग तीन आठवडे तिच्या उशाशी बसली होती. स्वतःचं शिवणकाम टाकून. घरचे सगळे घाबरून लांब होते. बुर्गी आज चालतेबोलते आहे ती हेडविगमुळे, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी तिने सांगितलं असतं.

हेडविगने नोटीस उभ्या उभ्या वाचली आणि शिवणयंत्रावर ठेवून दिली. ती अठ्ठावन्न वर्षांची होती. युद्ध संपल्यावर, सेहेचाळीस साली, बोहेमियातून तिथल्या सगळ्या जर्मनांबरोबर हाकलली गेली, तान्ही मुलगी कडेवर घेऊन. नवरा युद्धातून परत आलाच नाही.

"बस, कॉफी टाकते," ती म्हणाली.

"कॉफी राहू दे. गुरुवारी काय सांगणार आहेस ते बोल."

"सांगायचं काय. मीच सरकवला दगड."

बुर्गी खुर्चीच्या कडेवर बसली होती ती नीट बसली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"सत्तेचाळीसच्या जानेवारीत. फावडं घेतलं, एकटीने खणलं आणि सरकवला. विहीर हवी होती मला. लिहून देते हवं तर." हेडविग सुईत दोरा ओवायला लागली. दोरा काही ओवला जाईना.

"घर जाईल तुझं."

"जाऊ दे."

"नाव जाईल! बांध कोरणारी म्हणून बोट दाखवतील. तुझ्या पोरीला, मार्टलला दाखवतील, ती शहरात मास्तरीण असली तरी."

त्यावर हेडविगचे हात थांबले. पण ती बोलली एवढंच, "बुर्गी, तू यात पडू नकोस. माझी शपथ आहे तुला."

बुर्गी बाहेर पडली ती थेट यात पडायचं ठरवूनच.

कारण सत्तेचाळीसचा जानेवारी बुर्गीला चांगला आठवत होता. त्या थंडीत तिचे आजोबा वारले होते. जमीन अशी गोठली होती की चार गड्यांनी कुदळी मोडल्या, पण कबर खणता आली नाही. आजोबांची पेटी मार्चपर्यंत कोठारात ठेवावी लागली होती. आणि ही म्हणते, एकटीने फावड्याने खणलं! हेडविग खोटं बोलत होती. पण स्वतःवर आळ घेणारं खोटं माणूस उगाच बोलत नाही. ती कोणाला तरी वाचवत होती.

३

त्या दगडावर बुर्गी गेली वीस वर्षं रोज दुपारी पिशवी टेकवून पाव आणि सॉसेज खात आली होती. आणि इतक्या वर्षांत त्याच्याकडे एकदा म्हणून नीट पाहिलं नव्हतं! स्वतःच्या कपाळावर हात मारून ती गुडघ्यावर बसली.

दगड मांडीएवढा वर, बाकी जमिनीत. माथ्यावर खाच. शिवेच्या प्रत्येक दगडावर ती असते. पुढचा दगड कोणत्या दिशेला आहे ते ती दाखवते. इथे मात्र खाचा दोन होत्या. एक जुनी, झिजलेली, शेवाळाने भरलेली. दुसरी तिला तिरकी छेदून गेलेली, कडा अजून बऱ्यापैकी धारदार.

बुर्गीने पिशवीतून पार्सलं बांधायचा सुतळीचा गुंडा काढला. एक टोक दगडाखालच्या मुळीला बांधलं, सुतळी नव्या खाचेतून ताणून धरली आणि चालत सुटली. दोनशे पावलांवर नाशपातीच्या झाडाखाली शिवेचा पुढचा दगड होता. सुतळी बरोबर त्याच्या माथ्यावर जाऊन टेकली, बोटभरही इकडे तिकडे नाही.

"अगं बाई," बुर्गी स्वतःशीच म्हणाली.

शीव कोरणारा चोर दगड ढकलतो आणि पळतो. त्याला खाच कशाला सुचते? दगड सरकवल्यावर नवी दिशा धरून, काठ्या रोवून, छिन्नीने पुन्हा खाच पाडायची, हे काम शिकलेल्या हातांचं. आणि असे हात गावात सातच असतात.

प्रत्येक गावात शपथ घेतलेले सात जण असतात. दगड बसवावा तर त्यांनीच. दगडाखाली ते खुणा पुरतात. त्या कशा मांडायच्या ते फक्त सातांना ठाऊक. बायकोलाही सांगायचं नाही, मरतानाही नाही, फक्त नव्या माणसाला शपथ देऊन सांगायचं. मांडताना बाकीच्यांनी पाठ फिरवून उभं राहायचं. आणि दगड दोन गावांच्या शिवेवर असला की दोन्हीकडचे सात लागतात. एका गावाने एकट्याने त्याला बोटही लावायचं नाही.

म्हणजे चौदा माणसं. त्यातली सात ओबरलाइटनची!

बुर्गीने सुतळी गुंडाळली आणि पलीकडच्या गावात कास्परच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. कास्पर धार काढत होता. छत्तीस वर्षांचा गडी, पण तोंडावर कायम साठीतल्या माणसाचा वैताग.

"टपाल घरात टाक."

"टपाल नाही. सेहेचाळीस साली, हेडविग आली तेव्हा, तुझे वडील सातांत होते ना?"

"होते. आता त्यांच्या जागी मी आहे. पुढे?"

"मग तू त्या दगडाखाली बघत का नाहीस? खुणा असल्या तर दगड खरा. नसल्या तर खोटा. एका सकाळचं काम."

"एकट्याने उघडता येत नाही, हे तुलाही माहीत आहे. तुमच्या किलिआन हागला दोनदा निरोप धाडला. म्हातारा नाही म्हणतो. का नाही म्हणतो? खाली काही नाही म्हणूनच ना?" कास्परने बादली बाजूला ठेवली. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "तुला काय वाटतं, मला त्या चार पावलांची पडली आहे?"

"मग कशाची?"

तो गाईच्या पाठीवरून हात फिरवू लागला. "माझे बाबा दर नाताळाच्या आधी तिच्याकडे जायचे. सुक्या नाशपातींचा पाव घेऊन. दरवर्षी, मरेपर्यंत. आई खिडकीतून बघत बसायची. तिने एकदाही विचारलं नाही आणि त्यांनी एकदाही सांगितलं नाही. कसलं घर ते! मी दहा वर्षांचा असल्यापासून बघतोय, बुर्गी. मागच्या शरदात आई गेली. आता ती बाई मला नजरेसमोर नको, बस."

चीड जमिनीची नव्हतीच.

४

टपालखोलीच्या माळ्यावर वडिलांची जुनी पत्ताबदलाची वही होती. वडील फार नेटके. कोण कुठून कुठे राहायला गेलं, सगळं तारखेनिशी. सेहेचाळीस सालची पानं तर ओसंडत होती. निर्वासितांचे पत्ते दर आठवड्याला बदलायचे. बुर्गी बोट ठेवत ठेवत नोव्हेंबरपर्यंत आली आणि थबकली.

'१४ नोव्हेंबर. वाट्झलिक हेडविग. आधी: लोख्नरची धनगरझोपडी, ओबरलाइटन, जिल्हा लाउटरफेल्ड. आता: हाजलबाख, जिल्हा एबर्सग्रुंड. घर तेच.'

घर तेच! वडिलांनी त्या दोन शब्दांखाली रेघही मारली होती. बुर्गीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून आयुष्यभर गप्प बसले.

हेडविग हलली नव्हती. तिच्या पायाखालचा जिल्हा हलला होता.

आणि मग तिला ते मालमोटारीचं आठवलं. त्याच नोव्हेंबरात, चारपाच दिवसांनी असेल. लाउटरफेल्ड जिल्ह्याने ठरवलं होतं, ज्या निर्वासितांना खोली नेमून दिलेली नाही त्यांना उचलून लांबच्या छावणीत न्यायचं. तेव्हा चोवीस वर्षांची बुर्गी रस्त्यात उभी होती. मोटारीत माणसं कोंबलेली, वर ताडपत्री फाटकी. त्या छावणीतून त्या हिवाळ्यात किती तान्ही मुलं परत आली नाहीत, ते पुढे सगळ्यांनाच कळलं. मोटार दगडापर्यंत आली होती. ड्रायव्हरने यादी पाहिली, दगड पाहिला, आणि मोटार वळवून गेला.

बुर्गीने वही पिशवीत टाकली आणि किलिआन हागकडे गेली. किलिआनकाका एकोणऐंशीचे. हाजलबाखच्या सातांचे म्होरके, आणि त्या जुन्या चौदांपैकी जिवंत उरलेले एकटे. जिल्ह्याच्या निरोपसमारंभात पन्नास वर्षांच्या सेवेबद्दल त्यांना पदक मिळायचं होतं. ते अंगणात बसून लाकडी दाताळ्याला नवे दात बसवत होते.

"काका, मी बोलते. तुम्ही नुसते दात बसवा."

"आमच्या घरातही असंच चालतं," म्हातारा म्हणाला.

तिने सगळं सांगितलं. खाच, सुतळी, वही, मोटार. काकांनी एक दात बसवला, दुसरा बसवला. तिसरा हातातच राहिला.

"मी शपथेचा माणूस आहे, बुर्गी. मला काही माहीत नाही."

"माहीत आहे म्हणाच नका. मी सांगते. कास्परच्या बापाच्या, अम्ब्रोस लोख्नरच्या झोपडीत ती तापलेलं पोर घेऊन पडली होती. मोटार यायच्या आधी तुम्ही चौदा जण जमलात, दगड उचललात आणि झोपडीच्या पलीकडे नेऊन बसवलात. झोपडी या जिल्ह्यात आली. जमीन अम्ब्रोसची गेली. पण त्याने बायकोला का नाही सांगितलं?"

काका हातातला लाकडी दात फिरवत म्हणाले, "ते कुरण हुंड्यात आलेलं होतं. तिच्या बापाचं." मग चपापून म्हणाले, "असं आपलं लोक म्हणतात."

"त्याने तुमच्याकडून वचन घेतलं, घरी कळता कामा नये. म्हणून तुम्ही दगड उघडू देत नाही. आणि जिल्ह्याची हद्द हलवली म्हणून म्हातारपणी तुमची अब्रू जाऊ नये, म्हणून ती वेडी सगळं स्वतःवर घेतेय."

"काय?" दाताळं खाली पडलं. "हेडविग? तिने काय घेतलंय स्वतःवर?"

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हातारा उठून उभा राहिला. "अगं, पण ती… आम्ही तिला भिंतीकडे तोंड करून उभी राहा म्हणालो होतो. पोर कडेवर, अंगात ताप. दोन तास उभी होती ती. एकदा मागे वळली नाही."

"काका, तुम्हाला काही माहीत नव्हतं ना?"

"गप्प बस," काका म्हणाले आणि डोळे पुसायला लागले.

"अम्ब्रोसची बायको गेली आता. वचन कोणासाठी पाळताय? तुम्ही शपथ मोडू नका. एक अक्षर बोलू नका. फक्त गुरुवारी दगड उघडा, आणि कास्परला बघू द्या. तोही शपथेचाच माणूस आहे."

५

गुरुवारी दहा वाजता दोन्ही गावचे सात सात जण काळे कोट घालून दगडाशी उभे होते. हेडविग आपल्या कुंपणाशी, हात ॲप्रनमध्ये गुंडाळून. तिने तोंड उघडलं, "साहेब, मला सांगायचंय की मीच…"

"थांब जरा," किलिआनकाका म्हणाले. "आधी दगड बोलेल, मग माणसं."

"हे सगळं आवश्यक आहे का?" ब्रेह्मने घड्याळ पाहिलं. "नकाशा स्पष्ट आहे."

"तुमच्या नकाशाच्या आधीपासून हे चाललंय, साहेब. पाठ फिरवा."

"मी सरकारी माणूस आहे!"

"हो ना. सरकारी पाठ फिरवा."

ब्रेह्मने पाठ फिरवली. बुर्गीने फिरवली. हेडविगला सांगावं लागलं नाही. मागे फावड्यांचा आवाज, मातीचा, कोणाच्या तरी खोकल्याचा. मग सगळं थांबलं. बुर्गीला समोर फक्त आलुबुखाराची झाडं दिसत होती. तिचा सगळा हिशेब चुकला असेल तर? खाली काही नसेल तर? मग हेडविगचं घर आजच गेलं, आणि ते तिच्या नादाने गेलं.

मागे काकांचा आवाज आला. "कास्पर, तू बघ. खाली वाक. नीट बघ."

गुडघे मातीत टेकल्याचा आवाज आला. दूर हाजलबाखच्या चर्चचा सव्वादहाचा टोला पडला. कास्परने तिथे काय पाहिलं ते चौदा जणांखेरीज आजतागायत कोणाला माहीत नाही. ओबरलाइटनच्या सातांची खूण तिथे होती का, आणि ती कोणाच्या हातची होती, हे विचारायचंही नसतं. बुर्गीने एवढंच ऐकलं की एका दणकट माणसाला हुंदका फुटला.

माती परत लोटली गेली. दगड ठोकून बसवला गेला.

"वळा," काका म्हणाले.

कास्परची पँट गुडघ्यांवर चिखलाने भरली होती. तो सरळ ब्रेह्मकडे वळला.

"दगड जागेवर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे? तक्रार तुमचीच आहे ना? नकाशात तर…"

"नकाशा राहू द्या. दोन्ही गावच्या सातांनी शपथेवर बसवलेला दगड आहे. पट्टा तिचा आहे. कुठे सही करू?"

"पण जिल्ह्याची हद्द…"

"दोन आठवड्यांनी जिल्हाच राहणार नाही, साहेब," बुर्गी म्हणाली. "हाजलबाखही ओबरलाइटनच्याच जिल्ह्यात जाणार. कोणाची तक्रार कोणाकडे पाठवणार तुम्ही?"

ब्रेह्मने तिच्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, मग कुंपणापाशी रडणाऱ्या बाईकडे पाहिलं. माणूस कोरडा होता, पण मूर्ख नव्हता. त्याने नकाशावर जुनी रेघ खोडली, दगडाच्या जागेतून नवी ओढली आणि फळी पुढे केली. कास्परने सही केली, खाली किलिआन हागने केली.

हेडविग पुढे आली. ती कास्परसमोर उभी राहिली आणि तिने त्याचे दोन्ही मातीचे हात हातांत घेतले.

"सव्वीस वर्षं मला आभार मानायचे होते," ती म्हणाली. "ते यायचे, बसायचे, जायचे. मी काही पाहिलं नाही असं ठरलं होतं ना, मग आभार कशाचे मानू? तसेच गेले ते. माझी मुलगी जिवंत आहे, कास्पर. मोठी झाली, शिकली. आता तुझेच मानते. देव तुझं भलं करो."

कास्परने हात सोडवले नाहीत. लोक हळूहळू पांगू लागले. काकांनी सगळ्यांना हाताने चला चला केलं. बुर्गीनेही पिशवी खांद्याला लावली. आपल्या उशाशी बसलेल्या त्या तीन आठवड्यांची फेड झाली, असं तिच्या मनात आलं आणि लगेच वाटलं, छे, असली फेड कुठे होते? पण आज मन भरून आलं होतं खरं. वडिलांची आठवण आली, त्या अम्ब्रोसची आली, ज्याच्याशी ती उभ्या जन्मात चार वाक्यंही बोलली नव्हती.

पाच पावलं गेल्यावर तिला कास्परचा आवाज ऐकू आला. दहा वर्षांच्या पोराचा असावा तसा.

"बाबा इथे येऊन बोलायचे तरी काय?"

"तुझंच," हेडविग म्हणाली. "दुसरं काही नाही. कास्पर आज एकट्याने नांगर धरून उभा राहिला. कास्परला हिशेब येत नाही, पण जनावरं त्याचंच ऐकतात. घरी मला बोलता येत नाही गं त्याच्याशी, म्हणायचे. फार अभिमान होता त्यांना तुझा."

कास्पर तिथेच गवतात खाली बसला, सगळ्यांसमोर, काळ्या कोटासकट.

"आणखी सांग," तो म्हणाला. "सगळं सांग."

हेडविग त्याच्या शेजारी बसली आणि सांगू लागली.